बिन्सीची विहीर : फ्रिडस्वाइडपासून ॲलिसपर्यंत

ऑक्सफर्डच्या कडेला, पोर्ट मेडो या विस्तीर्ण कुरणासमोर टेम्सच्या पश्चिम काठी बिन्सी नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या सेंट मार्गारेट चर्चच्या आवारात ही विहीर आहे. पाहायला जाताना आपल्याकडची बारव डोळ्यांसमोर आणू नये. थोड्या दगडी पायऱ्या, बसकी कमान आणि तळाशी थोडंसं पाणी, एवढाच तिचा पसारा. तरी ऑक्सफर्डला येणाऱ्याने ती चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

विहिरीचं नातं शहराची संरक्षक संत फ्रिडस्वाइड हिच्याशी आहे. तिचं निधन परंपरेने इ. स. ७२७ मधलं मानतात; तिची उपलब्ध चरित्रं मात्र १२व्या शतकातली. मधली चारशे वर्षं लक्षात ठेवूनच पुढची कथा ऐकावी. लग्नासाठी हात धुऊन मागे लागलेल्या अल्गार या राजापासून सुटायला फ्रिडस्वाइड होडीतून निघून गेली आणि रानात लपली. पाठलागावर असलेल्या अल्गारची दृष्टी गेली. बिन्सीची आख्यायिका म्हणते, तिने संत मार्गारेटचा धावा केला, झरा फुटला आणि त्या पाण्याने अल्गारला पुन्हा दिसू लागलं. छळणाऱ्यालाही दृष्टी देणारं पाणी म्हटल्यावर आजारी माणसांची पावलं तिकडे वळली नसती तरच नवल.

१५२०च्या दशकात राजा आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने ऑक्सफर्डमधला फ्रिडस्वाइडच्या नावाचा मठ बंद केला. १५३८मध्ये तिची समाधीही फोडली गेली. यात्रा थांबल्या आणि पुढे विहिरीचीही पडझड झाली.

तिला नवी ओळख दिली ती एका गोष्टीने. ४ जुलै १८६२ रोजी गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुइस कॅरल, ॲलिस लिडेल आणि तिच्या बहिणींना घेऊन होडीने याच काठावरून गॉडस्टोकडे गेले. त्या सहलीतून जन्मलेलं ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक १८६५मध्ये आलं. त्यात एका विहिरीच्या तळाशी राहणाऱ्या तीन बहिणी आहेत आणि ती विहीर काकवीची आहे! काकवीला इंग्रजीत ट्रीकल म्हणतात. पूर्वी औषधी रसायनालाही हाच शब्द होता, म्हणून बिन्सीची गुणकारी विहीर ‘ट्रीकल वेल’ म्हणून ओळखली जाते.

आज दिसणारं बांधकाम त्यानंतरचं. १८७४मध्ये इथले पाद्री टी. जे. प्राउट यांनी विहिरीचा जीर्णोद्धार केला. फोडलेल्या समाधीचे सापडलेले तुकडे जुळवून क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये उभे केले आहेत. तिथेच चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या रंगीत काचेच्या खिडकीत फ्रिडस्वाइडची सगळी कथा आहे. आधी ती खिडकी नीट पाहावी, मग नदीकाठाने चालत बिन्सी गाठावं.