एकशे एकसष्ट खेळ, एकच पत्ता

एसटी स्टँडमागच्या पार्लरमध्ये रुपयाचं कॉइन टाकून 'मेटल स्लग' हा व्हिडिओ गेम खेळणारी पोरं आता पगारदार झाली आहेत. त्यातला एखादा हौशी भंगारवाल्याकडून जुनं मशिन उचलतो, रंगवतो आणि ऑनलाइन '१६१ इन १' कॅसेट, म्हणजे मशिनमध्ये घालायचा १६१ खेळांचा एकच डबा, मागवतो. सांगलीत विश्रामबागला माझ्या ओळखीत असाच एक जण आहे. येईल त्याला तो सांगतो, "आत अख्खा कॉम्प्युटर बसवलाय. जुना मदरबोर्ड आता नुसता शोभेला!"

हा समज मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा लिहूनच टाकतो. अशा कॅसेटमध्ये खेळ चालवणारा कॉम्प्युटर नसतो. खेळ चालवतो तो जुना बोर्डच.

हा बोर्ड म्हणजे जपानच्या एसएनके कंपनीने १९९० साली आणलेला 'निओ जिओ एमव्हीएस'. त्याचा मेंदू १२ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर, आणि आवाजासाठी वेगळा झेड-८० प्रोसेसर. मूळ कॅसेटमध्ये मुख्यतः रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी. बोर्डाला खेळाचं नाव कळत नाही. त्याला कळतो तो पत्ता: अमुक क्रमांकावर काय लिहिलंय ते दे.

६८००० च्या पत्त्यात २४ बिट, म्हणजे शून्य किंवा एकची २४ घरं असतात. म्हणजे दोनाचा चोविसावा घात, १,६७,७७,२१६ पत्ते, १६ मेगाबाइट. त्यातही खेळाच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेत सुरुवातीचा एक मेगाबाइट आणि पुढे आणखी एका मेगाबाइटची 'खिडकी'. मग १६१ खेळ मावतात कुठे?

गंमत इथे आहे. विश्रामबागेतल्या एखाद्या सोसायटीत आठ विंग आहेत आणि प्रत्येक विंगमध्ये १२ नंबरचा फ्लॅट आहे असं समजा. पोस्टमनला विंग ठाऊकच नाही. तो फक्त '१२' म्हणतो. कुठल्या विंगचा दरवाजा उघडा ठेवायचा हे वॉचमन ठरवतो. पोस्टमन म्हणजे प्रोसेसर, आणि वॉचमन म्हणजे कॅसेटमधलं 'लॅच' नावाचं छोटं सर्किट. कॅसेटमध्ये मोठी फ्लॅश, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी असते. तिच्या पत्त्याच्या खालच्या तारा बोर्डाला जोडतात, वरच्या तारा मात्र बोर्डापर्यंत पोचतच नाहीत. त्या लॅचला जोडलेल्या असतात. लॅचमध्ये जो आकडा, तो खेळ. १६१ खेळांसाठी सात बिट पुरत नाहीत (१२८ च होतात), आठ लागतात.

वीज आली की लॅच शून्यावर. शून्य नंबरचा 'खेळ' म्हणजे पडद्यावर दिसणारी यादी. तोही एक प्रोग्रॅमच. तुम्ही बटण दाबलं की तो निवडलेला आकडा लॅचमध्ये लिहितो. पण जरा थांबा. लिहिल्याच्या त्याच क्षणी त्याच्या पायाखालची मेमरी बदलणार! पुढची सूचना वाचायला प्रोसेसर जाईल तर तिथे दुसऱ्याच खेळाचा मधलाच कुठला तरी तुकडा, आणि मशिन लटकणार. म्हणून शेवटच्या चार सूचना आधी बोर्डावरच्या ६४ किलोबाइट रॅममध्ये (लिहिता-वाचता येणाऱ्या मेमरीत) उतरवून ठेवायच्या आणि तिथून चालवायच्या. आकडा लिहा, आणि मग काहीच करू नका. काहीच का नाही? कारण बोर्डावर 'वॉचडॉग' असतो. त्याला सेकंदाच्या सुमारे आठव्या भागात कुणी हटकलं नाही, तर प्रोग्रॅम अडकला असं समजून तो प्रोसेसर रीसेट करतो. बोर्डाचा बायॉस, म्हणजे मशिन सुरू करणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, जागा होतो, २५६ क्रमांकाच्या पत्त्यापासून 'निओ-जिओ' ही अक्षरं आहेत का बघतो, ती सापडतात, आणि नवी कॅसेट घातल्यासारखा खेळ सुरू. अट एकच: या रीसेटने लॅच पुसलं जाता कामा नये, नाहीतर पुन्हा यादीच येईल.

हे झालं नुसतं प्रोग्रॅमचं. २००० सालचा 'मेटल स्लग ३' ७०८ मेगाबिटचा आहे, म्हणजे (आठ बिटचा एक बाइट) ८८.५ मेगाबाइट, आणि त्यातला फार मोठा भाग चित्रं. चित्रं प्रोसेसरकडे येतच नाहीत, स्वतंत्र तारांनी थेट व्हिडिओ चिपकडे जातात; आवाजाची वाट आणखी वेगळी. म्हणून तर कॅसेटमध्ये दोन बोर्ड असतात, प्रत्येकाला १२० संपर्क. आकडा बदलला की या सगळ्या वाटा एकदम बदलाव्या लागतात. त्यात प्रत्येक खेळाचं आकारमान वेगळं, सगळ्यांना सारखी खोली दिली तर निम्मी मेमरी रिकामी. म्हणून चांगल्या कॅसेटमध्ये साध्या लॅचऐवजी प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप असते. प्रत्येक खेळाची सुरुवात कुठे याचा तक्ता तिच्यात, आणि पत्ता आला की तिथल्या तिथे बेरीज.

घेताना '१६१' या आकड्याला भुलू नका. त्यात एकाच खेळाच्या फेरफार केलेल्या आवृत्त्या भरपूर असतात, आणि हक्कदार कंपनीची परवानगी नसते हेही माहीत असू द्या. खरी चौकशी विजेची करा. जुना बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, आजची फ्लॅश ३.३ वर. मध्ये पातळी बदलणाऱ्या चिप हव्यात; स्वस्त मालात त्या गाळतात. कॅसेट चालते, पण मेमरी आणि बोर्ड दोघांवर ताण येतो. विक्रेत्याकडे कॅसेटच्या आतल्या बोर्डाचा फोटो मागा. मीटरने ५ व्होल्ट मोजायचे ते सप्लायवर नाही, मदरबोर्डावर, ४.७५ च्या खाली गेले की चित्रात कचरा दिसू लागतो आणि दोष कॅसेटच्या माथी येतो. चालू मशिनमधून कॅसेट ओढू तर नकाच.

आणि ती फुंकर! कॅसेट काढून तोंडाने फुंकली की खेळ चालतो, ही श्रद्धा लिंबू-मिरचीच्याच जातीची. चालतो तो काढून-घालून संपर्क घासले गेल्यामुळे. थुंकीची ओल मात्र तांबं खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बास.

सांगलीत जुना बोर्ड घेताना आणखी एक बघा. २०१९ च्या पुरात बुडालेलं सामान धुऊन-पुसून आजही विकलं जातं. स्लॉटच्या फटीत गाळ आहे का बघा. मग बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती पाझरली की भोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमते आणि खालच्या तारा कुरतडल्या जातात. ती काढून टाका. तिच्या जागी घड्याळासारखा लिथियम सेल लावणार असाल, तर आधी चार्जिंगचा रेझिस्टर काढा किंवा मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. हा सेल चार्ज करायचा नसतो. केला तर फुटू शकतो.