हांक्यू रेल्वे

हांक्यू रेल्वे : जपानमधील ओसाका, कोबे आणि क्योतो या तीन शहरांना जोडणारी खासगी प्रवासी रेल्वे कंपनी. तिच्या मार्गांची एकूण लांबी 140 किमीच्या आसपास आहे. रुळांमधील अंतर 1,435 मिमी असून गाड्या 1,500 व्होल्टच्या एकदिश विजेवर धावतात. ‘हांक्यू’ हे मूळच्या लांबलचक नावाचे लघुरूप. ओसाका आणि कोबे या नावांतले एकेक चिन्ह घेऊन ‘हानशिन’ हा शब्द होतो, त्याला जलद या अर्थाचा ‘क्यूको’ जोडला की झाले ‘हानशिन क्यूको’, आणि बोलण्यात नुसते हांक्यू.

रेल्वे म्हटले की आपल्याकडे सरकार डोळ्यांसमोर येते. जपानमध्येही 1906 च्या कायद्याने 17 मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या. मात्र शहराच्या आसपासच्या छोट्या विद्युत गाड्यांना ट्रामच्या कायद्याखाली परवाना मिळत असे, आणि ही वाट खासगी भांडवलाला मोकळी राहिली. हानशिन या हांक्यूहून वेगळ्या कंपनीने 1905 मध्ये याच वाटेने सरकारी रुळांना जवळजवळ समांतर अशी ओसाका-कोबे विद्युत गाडी सुरू केली होती. हांक्यूचा जन्मही ट्राम म्हणूनच झाला.

1907 मध्ये हांकाकू रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. तिच्या संचालकांनी नवी कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले मिनो-आरिमा विद्युत ट्राममार्ग. ओसाकातील उमेद्याहून उत्तरेला मिनोचा धबधबा, ताकाराझुकाचे गरम पाण्याचे झरे आणि पुढे डोंगरातले आरिमा हे जुने स्नानतीर्थ, असा बेत होता. नेमकी त्याच वर्षी रशिया-जपान युद्धानंतरची तेजी ओसरून बाजार कोसळला. निम्म्याच्या आसपास शेअर कोणी घेईना. कंपनी सुरू होण्याआधीच गुंडाळायची वेळ आली होती. त्या वेळी इचिझो कोबायाशी (1873–1957) पुढे आले. ते मित्सुई बँकेतली नोकरी सोडून ओसाकात आले होते आणि ज्या कामासाठी आले, तेही मंदीत बुडाले होते. (जन्म 3 जानेवारीचा, म्हणजे पहिल्या महिन्याची तिसरी तारीख. जपानीत ‘इचिझो’ लिहिताना एक आणि तीन हे आकडेच लिहितात.)

कोबायाशी नियोजित मार्गावरून ओसाका ते इकेदा पायी चालत गेले. दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि तुरळक वाड्या. अशा भागातून गाडी नेऊन तिच्यात बसणार कोण, हा शेअर न घेणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. कोबायाशींनी तोच प्रश्न उलटा धरला. आज इथे माणसे नाहीत, म्हणून जमीन स्वस्त आहे. ती कंपनीने आधी घ्यावी, गाडी आणावी, आणि गाडीमुळे वाढलेल्या भावाने घरे बांधून विकावीत. घर घेणारा रोज उमेद्याला कामाला जाईल, म्हणजे तोच पासधारक. हांक्यूचा पुढचा सगळा इतिहास या एका हिशेबातून निघतो.

10 मार्च 1910 रोजी उमेदा-ताकाराझुका आणि इशिबाशी-मिनो हे मार्ग सुरू झाले. त्याच वर्षी इकेदा स्थानकाजवळ मुरोमाची नावाची वसाहत विक्रीला आली. साधारण 330 चौरस मीटरचा भूखंड, त्यावर बाग असलेले घर, किंमत 2,500 येनच्या घरात. पाचवा हिस्सा आधी भरायचा आणि उरलेले दहा वर्षांत महिना 24 येन हप्त्याने फेडायचे. पगारदार माणसाला हप्त्याने घर ही कल्पना त्या काळी नवी होती. घर विकण्यासाठी कंपनीने छापलेल्या पत्रकात ओसाकाच्या धुराने काळवंडलेल्या आकाशाची कीव केली होती. ओसाका तेव्हा कापड गिरण्यांचे शहर होते आणि धुराचे वर्णन खोटे नव्हते, पण आपल्याच गिऱ्हाइकाच्या शहराला नावे ठेवून माल विकायला धारिष्ट लागते.

आरिमापर्यंत मात्र कंपनी कधीच पोहोचली नाही. डोंगर आडवे आले, पैसाही पुरला नाही. नावातले आरिमा 1918 मध्ये गळले आणि कंपनी ‘हानशिन क्यूको’ झाली.

घरमालक सकाळी शहरात जातो आणि संध्याकाळी परततो. उलट्या दिशेच्या गाड्या रिकाम्या धावतात आणि रविवारी तर दोन्ही दिशांच्या. यावर उपाय म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला करमणूक उभी करायची होती. मिनोला 1910 मध्ये प्राणिसंग्रहालय काढले, ते काही वर्षांत बंद पडले. ताकाराझुकाला 1911 मध्ये नवी स्नानगृहे उघडली आणि पुढच्या वर्षी तिथे घरातल्या घरात पोहण्याचा तलाव बांधला. तो साफ फसला. पाणी थंडगार, आणि स्त्रीपुरुषांनी एकत्र पोहायला बंदी. मग तलावावर फळ्या टाकून प्रेक्षकांना बसायला जागा केली, कपडे बदलण्याच्या खोलीचे रंगमंच केले आणि 1913 मध्ये मुलींचे एक गायनपथक तयार केले. सुरुवातीला त्यात सोळा मुली होत्या. 1 एप्रिल 1914 रोजी त्यांचा पहिला प्रयोग झाला. आज जगभर प्रसिद्ध असलेली ताकाराझुका ही सर्व-स्त्री नाट्यसंस्था ती हीच. पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. बालगंधर्वांच्या लुगड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे आरशातले चित्र वाटेल. फसलेल्या तलावातून निघालेली ही संस्था अजूनही हांक्यूच्याच छत्राखाली आहे. 1932 मध्ये कोबायाशींनी तोक्योत काढलेली ताकाराझुका नाट्यगृह कंपनी पुढे ‘तोहो’ या नावाने चित्रपटनिर्मितीत मोठी झाली.

परतीच्या रिकाम्या गाड्यांवर दुसरा उपाय शाळा-महाविद्यालयांचा. 1929 मध्ये कानसेई गाकुइन ही ख्रिस्ती शिक्षणसंस्था कोबेहून निशिनोमियाच्या टेकडीवर आली. कोबेतली तिची जुनी जागा हांक्यूने विकत घेतली होती. चार वर्षांनी कोबे कॉलेज हे मुलींचे महाविद्यालयही त्याच परिसरात आले. विद्यार्थी सकाळी शहराबाहेर जातो, म्हणजे नोकरदारांच्या गर्दीच्या नेमका उलट. पासही काढतो.

कोबेचा मार्ग 16 जुलै 1920 रोजी सुरू झाला. ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये समुद्र आणि रोक्को डोंगर यांच्या बेचक्यात सापडलेली अरुंद पट्टी आहे. तिच्यात तीन रेल्वे जवळजवळ समांतर धावतात : किनाऱ्याजवळ हानशिन, मधोमध सरकारी (आताची जेआर, म्हणजे जपान रेल्वे) आणि डोंगराच्या पायथ्याशी हांक्यू. पायथ्याशी वस्ती नव्हती, म्हणून रूळ सरळ टाकता आले आणि वेगही मिळाला. नव्या मार्गाच्या जाहिरातीत गाडी स्वच्छ, वेगवान, थंड हवेची आणि चक्क रिकामी असल्याची बढाई होती. प्रवासी कमी असण्याचेच भांडवल करणारी ही कदाचित एकमेव रेल्वे. पुढे हा पायथा श्रीमंतांच्या बंगल्यांनी भरला. ‘हांक्यूवर राहतो’ म्हणण्यातली प्रतिष्ठा आणि हानशिनचा किनाऱ्यावरचा कामगारी, बेसबॉलवेडा तोरा, हा भेद त्या भागात अजून चवीने चघळला जातो.

उमेदा हे टोकाचे स्थानक. ‘उमेदा’ म्हणजे मुळात भर घातलेले शेत, पुढे त्याचे लिखाण बदलून प्लमचे शेत झाले, असे सांगतात. येथे 15 एप्रिल 1929 रोजी हांक्यूने स्वतःचे डिपार्टमेंट स्टोअर उघडले. रेल्वे कंपनीने आपल्या स्थानकावर स्वतः चालवलेले हे जगातले पहिले असे दुकान मानले जाते. कोबायाशींनी आधी तळमजला शिरोकिया या तोक्योच्या दुकानाला भाड्याने देऊन गिऱ्हाइकांची ये-जा न्याहाळली, मग 1925 मध्ये स्वतःचा छोटा बाजार चालवून पाहिला, आणि नंतरच मोठी उडी घेतली. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहात करी-भात लोकप्रिय होता. मंदीत अनेकांना करी परवडेना. ते नुसता भात मागवत आणि टेबलावर फुकट असलेला सॉस त्यावर ओतून जेवत. व्यवस्थापकांना हे रुचले नाही. कोबायाशींनी मात्र नुसता भात घेणाऱ्यांचे स्वागत असल्याची पाटी लावायला सांगितली. ही माणसे आज गरीब आहेत, उद्या संसार थाटतील आणि मुलाबाळांना घेऊन इथेच येतील, असे त्यांचे म्हणणे होते. ओसाकात ही गोष्ट अजून सांगितली जाते.

उमेद्याच्या रुळांचा एक किस्सा रेल्वेप्रेमींना विशेष प्रिय आहे. 1926 पासून हांक्यूची गाडी सरकारी रुळांच्या डोक्यावरून पुलाने जात असे. पुढे सरकारने ओसाका स्थानक उंचावर बांधायचे ठरवले, म्हणजे वरची गाडी खाली आणि खालची वर जायची होती. दोन्ही वाहतुकी बंद न पाडता ही अदलाबदल 31 मे 1934 च्या रात्री एका रात्रीत उरकली आणि 1 जूनला दोन्ही गाड्या नव्या पातळ्यांवर धावू लागल्या. त्याचा तोटा पुढे भोवला. सरकारी पुलाखाली अडकलेले हांक्यूचे स्थानक वाढवायला जागाच उरली नाही. शेवटी 1966 ते 1973 या काळात अख्खे स्थानक पुलाच्या उत्तरेला हलवण्यात आले. आज तिथे नऊ रूळ आणि दहा फलाट आहेत, कोबे, ताकाराझुका आणि क्योतो मार्गांसाठी तीन-तीन रूळ. दिवसा दर दहा मिनिटांनी तिन्ही मार्गांच्या गाड्या एकाच क्षणी सुटतात आणि योदो नदीवरून जूसो स्थानकापर्यंत शर्यत लावल्यासारख्या शेजारी-शेजारी धावतात. मधल्या नाकात्सु स्थानकावर क्योतोच्या गाड्यांसाठी फलाटच नाही. कागदोपत्री क्योतो मार्ग जूसोपासूनच सुरू होतो.

क्योतो मार्ग हांक्यूने बांधलेला नाही, हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. तो केइहान या प्रतिस्पर्धी कंपनीच्या शिनकेइहान शाखेचा. क्योतोतला त्याचा भुयारी तुकडा (1931) हा कानसाई (ओसाका-क्योतो-कोबे) भागातला पहिला भुयारी मार्ग. युद्धकाळात 1943 मध्ये सरकारी दबावाखाली हांक्यू आणि केइहान एकत्र झाल्या. 1949 मध्ये केइहान वेगळी झाली, तेव्हा हा मार्ग हांक्यूकडेच राहिला. आपण बांधलेला मार्ग प्रतिस्पर्ध्याला देऊन बाहेर पडणे केइहानला किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

1967 मध्ये किता-सेनरी स्थानकावर तातेइशी (पुढची ओम्रोन) कंपनीच्या मदतीने स्वयंचलित तिकीट दरवाजे बसवण्यात आले. जपानमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरात आले ते इथून. सेनरी या नव्या नियोजित नगरातून सकाळी एकदम उसळणारी गर्दी हे त्याचे कारण. दोन वर्षांनी, 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर, शहराच्या साकाइसुजी भुयारी मार्गाशी थेट गाड्या सुरू झाल्या.

निशिनोमिया-कितागुची येथे कोबे आणि इमाझु मार्गांचे रूळ 1984 पर्यंत एकाच पातळीवर काटकोनात छेदत. दोन वर्दळीच्या रुळांची अशी फुली दुर्मीळ, त्यामुळे छायाचित्रकारांची तिथे झुंबड असे. ती काढल्यापासून इमाझु मार्गाचे दोन तुकडे झाले आहेत.

17 जानेवारी 1995 च्या भूकंपात इतामी स्थानक कोसळले, कोबेतल्या सान्नोमिया स्थानकाची 1936 मधली इमारत पाडावी लागली आणि निशिनोमियाजवळचे उंच पूल खचले. कोबे मार्ग 12 जूनला पुन्हा अखंड सुरू झाला.

कंपनीचा बेसबॉल संघ 1936 पासून होता. 1975 ते 1977 अशी सलग तीन वर्षे त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, तरी प्रेक्षक जमेनात. 1988 मध्ये तो विकून टाकला. हानशिनचा टायगर्स संघ मात्र हरला तरी मैदान भरते. ऑक्टोबर 2006 मध्ये, एका गुंतवणूक निधीने हानशिनचे शेअर गोळा केल्यावर, हांक्यू आणि हानशिन एकाच धारक कंपनीखाली आल्या. डोंगर आणि किनारा यांची शंभर वर्षांची चुरस अशी एका खातेवहीत आली. रूळ, गाड्या आणि प्रवाशांचे टोमणे मात्र वेगळेच राहिले.

सगळ्या गाड्यांचा रंग गडद तांबूस-तपकिरी, लखलखीत पॉलिश केलेला. आत लाकडाच्या रेषांची भिंत आणि शेवाळी रंगाच्या मऊ लोकरी गाद्या. क्योतो, कोबे आणि ताकाराझुकाच्या विशेष जलद गाड्यांना वेगळे भाडे लागत नाही, साधे तिकीट चालते. जुलै 2024 पासून क्योतो मार्गावर एका डब्यात जादा पैसे भरून राखीव आसन मिळते. उमेद्याचे अधिकृत नाव ऑक्टोबर 2019 पासून ओसाका-उमेदा झाले आहे. स्थानिक लोक अजून उमेदाच म्हणतात.