शॉकअप ‘कडक’ करायचे म्हणजे नेमकं काय करायचं? प्रीलोड आणि स्प्रिंग रेट

साताऱ्यातल्या गॅरेजात “पुढचे शॉकअप कडक करून द्या” असं सांगितलं की दोनपैकी एक काम होतं. एखादा मिस्त्री वरचा बोल्ट उघडून स्प्रिंगवर जाड वायसर किंवा पाइपचा तुकडा टाकतो. दुसरा स्प्रिंगच बदलतो. गाडी हातात आल्यावर आपण हँडल दोनदा खाली दाबून बघतो आणि दोन्ही वेळा समाधान होतं, कडक झालीये. फरक कळतो तो कासहून यवतेश्वर घाट उतरताना. वळणाच्या तोंडाशी पुढचा ब्रेक दाबला की एक गाडी पूर्वीइतकंच नाक खाली घालते, दुसरी कमी.

पहिल्या कामात प्रीलोड वाढतो, दुसऱ्यात स्प्रिंग रेट. स्प्रिंग 1 मिलिमीटर दाबायला किती किलो वजन लागतं, तो तिचा रेट. तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यावर ठरतो. वर काहीही ठेवलं तरी बदलत नाही. गाडीचं वजन येण्याआधीच स्प्रिंग नळीत किती मिलिमीटर दाबून बसवली आहे, तो प्रीलोड. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाचांची रिंग असते आणि डबलसीट जाताना ती आपण वरच्या खाचेवर नेतो. तिथेही फक्त प्रीलोडच वाढतो, स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते.

एक ढोबळ हिशोब मांडू. दीडशे सीसीच्या गटातली गाडी, पुढच्या शॉकअपची चाल (तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर) 130 मिमी, प्रत्येक पायात, म्हणजे डाव्या-उजव्या नळीत, 0.6 किलो प्रति मिमीची स्प्रिंग, म्हणजे दोन्ही मिळून 1.2. चालक बसल्यावर पुढच्या स्प्रिंगांवर 78 किलो येतात असं धरू, आणि कंपनीचा प्रीलोड 25 मिमी. या प्रीलोडमुळे 30 किलो आधीच पेलले जातात. उरलेल्या 48 किलोंना शॉकअप 40 मिमी बसतो. जोरात ब्रेक मारल्यावर पुढे आणखी 66 किलो सरकले तर तो अजून 55 मिमी खाली जातो. एकूण 95 झाले, शिल्लक 35.

आता वर 20 मिमीचा स्पेसर, म्हणजे तोच पाइपचा तुकडा, टाका. प्रीलोड 45 मिमी होतो आणि तो 54 किलो पेलतो. चालक बसल्यावर शॉकअप फक्त 20 मिमी बसतो. ब्रेकचे 66 किलो मात्र त्याच 1.2 च्या स्प्रिंगवर येतात, त्यामुळे तो पुन्हा 55 मिमीच खाली जातो. नाक खाली जाण्याचं अंतर तसूभरही कमी होत नाही, फक्त सुरुवात 20 मिमी वरून होते.

स्पेसर न वाढवता 0.8 ची स्प्रिंग घातली, म्हणजे दोन्ही मिळून 1.6, आणि प्रीलोड 19 मिमीच्या आसपास ठेवला, तर चालकासह शॉकअप 30 मिमी बसतो आणि ब्रेकखाली 41 मिमी जातो. एकूण 71.

मग स्पेसरवाली गाडी हाताला इतकी कडक का लागते? याच उदाहरणात रिकाम्या गाडीचे पुढच्या स्प्रिंगांवर 50 किलो येत असतील, तर 54 किलोंचा प्रीलोड ते गिळून टाकतो. शॉकअप पूर्ण ताणलेला उभा राहतो आणि हाताचा जोर 4 किलोंच्या पुढे गेल्याशिवाय हलतच नाही. आपण त्या पहिल्या अडसरालाच कडकपणा समजतो. उभ्या गाडीचं हँडल दाबून स्प्रिंगची परीक्षा करू नये.

स्पेसरने काहीच मिळत नाही असं मात्र नाही. वरच्या हिशोबात ब्रेकखाली 35 ऐवजी 55 मिमी चाल शिल्लक राहते, त्यामुळे खड्ड्यात शॉकअप तळाला आपटणं कमी होतं. त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते. चाक खड्ड्यात उतरायचं असेल तर शॉकअपला ताणायला जागा हवी. ती 40 वरून 20 मिमीवर आली, की चाक खड्ड्याच्या तळापर्यंत पोचत नाही, वरून उडी मारून जातं. गतिरोधक ओलांडल्यावर पुढून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागतो. तो शॉकअप पूर्ण ताणून वरच्या टोकाला आदळल्याचा असतो. आणि टायर जमिनीला टेकलेलाच नसेल तेवढा वेळ ब्रेक काय पकडणार?

वळणावरही फरक पडतो. पुढचा भाग 20 मिमी वर राहिला आणि दोन चाकांमधलं अंतर 1320 मिमी असेल, तर हँडलचा कोन जवळपास पाऊण ते एक अंशाने मागे कलतो. पसरणी घाटातल्या लागोपाठच्या वळणांत गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकायला जड लागते. काही जण शॉकअपचे पाइप टीमध्ये (हँडलखाली दोन्ही पाइप धरून ठेवणारी वरची-खालची पकड) वर सरकवून हे भरून काढतात. एका वेळी 5 मिमीपेक्षा जास्त सरकवू नका, आणि शॉकअप पूर्ण बसल्यावर मडगार्ड किंवा टायर खालच्या टीला लागत नाही ना, हे स्प्रिंग काढून तपासा.

एक गैरसमज दोन्ही कामांबद्दल आहे: शॉकअप कडक केले की ब्रेक मारताना वजन पुढे कमी येतं. तसं होत नाही. किती वजन पुढे येणार हे गाडी-चालकाच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि ब्रेकचा जोर ठरवतात. स्प्रिंग फक्त ते वजन किती अंतरात पेलायचं हे ठरवते. अंतर कमी लागलं की हँडलचा कोन कमी बदलतो, खड्ड्यासाठी चाल शिल्लक राहते आणि ब्रेक धरून वळणात शिरताना गाडी शांत राहते.

म्हणून खर्चाआधी मोजमाप करा. शॉकअपच्या पाइपवर डस्ट सीलला (पाइपभोवतीच्या रबरी कड्याला) टेकेल असा एक केबल टाय बांधा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत उचला आणि सीलपासून खालच्या टीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग गाडी सरळ धरायला एक माणूस घ्या, हेल्मेट-जॅकेटसह नेहमीसारखे बसा, आणि तिसऱ्याला तेच अंतर मोजू द्या. सील घासत असल्याने आकडा दोनदा घ्या: एकदा शॉकअप दाबून हळूच सोडल्यावर, एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर. दोन्हींची सरासरी पहिल्या अंतरातून वजा केली की चालकाचं सॅग, म्हणजे चालकासह शॉकअप किती बसतो ते, मिळतं. चालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकं असावं. 130 मिमी चालीला 33 ते 43 मिमी. रिकाम्या गाडीचं सॅगही घ्या, कारण खरं निदान तिथे होतं. चालकासह आकडा बरोबर आहे पण रिकामी गाडी जेमतेम 2-3 मिमी बसते, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोडने तिला कसंबसं उचलून धरलं आहे. तिथे स्पेसर वाढवणं चूक, स्प्रिंगच बदलावी लागेल. दोन्ही सॅग जास्त असतील आणि ब्रेकखाली शॉकअप तळाला जात नसेल, तर 10 मिमीचा स्पेसर पुरतो.

डबलसीटसाठी पुढच्याला हात लावू नका. मागे बसणाऱ्याचं वजन बहुतेक मागच्या चाकावर जातं. आधी मागची रिंग फिरवा.

स्पेसरचं काम सोपं आहे, पण क्रम चुकला तर बोल्ट उडतो. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत घ्या. आधी वरच्या टीचा कसणारा बोल्ट सैल करा, नाहीतर शॉकअपच्या टोपणाचे (त्या वरच्या बोल्टचे) आटे जातात. शेवटचे दोन आटे सुटताना टोपण तळहाताने खाली दाबून धरा. एका वेळी एकच पाय उघडा. क्रम असा: खाली स्प्रिंग, तिच्यावर सपाट वायसर, मग स्पेसर, मग टोपण. स्पेसर लेथवर कापून घ्या, दोन्ही टोकं काटकोनात हवीत. हॅकसॉने तिरका कापलेला तुकडा स्प्रिंगला एका बाजूला ढकलतो आणि ती आतून पाइप घासते.

स्वस्तातली कडक स्प्रिंग म्हणून जुनी स्प्रिंग कापायची पद्धत आहे. तत्त्व बरोबर आहे, कारण वेढे कमी झाले की रेट वाढतो. 40 वेढ्यांच्या 0.6 च्या स्प्रिंगचे 8 वेढे कापले तर रेट 0.75 होतो. धोका दुसरीकडे आहे. समजा स्प्रिंग 350 मिमी लांब आणि तार 4 मिमी. वेढे एकमेकांना टेकल्यावर लांबी 160 मिमी, म्हणजे दबायला 190 मिमी. कापल्यावर लांबी 280, टेकलेली 128, दबायला 152. चाल 130 आणि प्रीलोड 20 धरला तर उरले 2 मिमी. जरा जास्त प्रीलोड दिला की मोठ्या खड्ड्यात चाल संपण्याआधी वेढे टेकतात आणि स्प्रिंग लोखंडी पहारीसारखी वागते. एका टोकाला दाट वेढे असलेली स्प्रिंग तर कापूच नये. दाट भाग गेला की मऊ सुरुवातच जाते.

ऑइलचा मुद्दा वेगळा. जाड ऑइलने शॉकअप हळू बसतो, पण ब्रेक धरून ठेवला तर शेवटी तेवढाच बसतो. साध्या शॉकअपमध्ये ऑइल छोट्या भोकांतून जातं. अचानक खड्डा आला की जाड ऑइलला वाट मिळत नाही आणि धक्का थेट मनगटात येतो. स्प्रिंग बदलली तर ऑइलही नवं घाला, पण एका ग्रेडपेक्षा जास्त जाड नको. पातळी स्प्रिंग बाहेर काढून, शॉकअप पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून मोजा. दोन्ही पायांत ती सारखी हवी.

हे सगळं धडधाकट शॉकअपसाठी. पावसाळ्यात कासच्या रस्त्याचा जांभ्याचा तांबडा चिखल डस्ट सीलवर साचतो आणि वाळल्यावर सँडपेपरसारखा पाइप घासतो. पाइपवर गंजाचे ठिपके असतील, सील पाझरत असेल किंवा कोनसेट (हँडलचं बेअरिंग) सैल असेल, तर आधी ते. सीलमधून उतरलेलं ऑइल डिस्कवर गेलं तर पुढचा ब्रेकच हातचा जातो.

काम झाल्यावर केबल टाय पुन्हा सीलला टेकवा, ओळखीच्या उतारावर चार-पाच वेळा जोरात पण चाक न घसरवता ब्रेक मारा आणि थांबून बघा. शॉकअपच्या शेवटच्या टोकाच्या 10 ते 20 मिमी अलीकडे टाय थांबला असेल तर जुळणी जमली. तो त्याहून खूप अलीकडेच राहत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जास्त कडक असू शकते. टोकाला भिडला असेल, तर सॅगचे दोन्ही आकडे पुन्हा घ्या.