दाराखालची फट

दोन मांजरं पाळणाऱ्या घरांत हा प्रसंग कधी ना कधी घडतोच. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकाच उशीवर झोपणाऱ्या. एकीला ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेतात, संध्याकाळी घरी आणून पिंजऱ्याचं दार उघडतात आणि दुसरी तिच्या अंगावर फिस्कारते. कान मागे, पाठीची कमान, शेपटी फुलून दुप्पट. घरच्यांच्या पोटात धस्स होतं. रंग तोच, डोळे तेच, आवाज तोच, मग बहीण ओळखू कशी आली नाही? तर वास बदलला म्हणून. अंगाला स्पिरिटचा वास, अनोळखी हातांचा वास, शेजारच्या पिंजऱ्यातल्या घाबरलेल्या कुत्र्याचा वास. आपलं कोण आणि परकं कोण, याचा निकाल मांजराचं नाक देतं.

घरात मांजर असताना दुसरं पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आधी डोळ्यांसमोर आणावा. पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्याखाली, गाडीच्या बोनेटमध्ये पिल्लं सापडतात. (सापडलं की लगेच उचलू नये. आई शिकारीला गेलेली असू शकते, काही तास लांबून वाट पाहावी.) मग आपण पिल्लू घरी आणतो आणि प्रेमाने मोठ्या मांजरीसमोर नेऊन ठेवतो, 'बघ, कोण आलंय!' आपल्याला वाटतं, एवढंसं पिल्लू बघून ती विरघळेल. तिला मात्र एवढंच कळतं की आपल्या घराचा वास बिघडलाय.

घराचा वास तिने स्वतः घडवलेला असतो. मांजरीच्या गालांत, हनुवटीत, कपाळाच्या कडेला, पंजाच्या गाद्यांत आणि शेपटीच्या बुडाशी गंधग्रंथी असतात. सोफ्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला, आपल्या पोटरीला ती गाल घासते, ते आपण लाड समजतो. लाड असतातच, पण त्यासोबत 'हे माझ्या माहितीतलं आहे' अशी खूणही ती करून ठेवत असते. पात्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्यांनी गालांच्या स्रावातली पाच वेगवेगळी मिश्रणं ओळखली. त्यातलं एक वस्तूंवर लावलं जातं, एक ओळखीच्या सोबत्यांवर. वस्तूंवरच्या मिश्रणाची कृत्रिम नक्कल भिंतीच्या प्लगमध्ये लावायच्या डिफ्यूझरमध्ये मिळते. तिच्या परिणामाबद्दल संशोधकांचं एकमत नाही. परवडत असेल तर लावा, पण सगळा भरवसा तिच्यावर टाकू नका.

आपलं पाळीव मांजर फेलिस लिबिका या रानमांजराच्या वंशातलं. पश्चिम आशियात धान्याच्या कोठारांभोवती उंदरांमागे फिरता फिरता ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाजवळ आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. हा पूर्वज एकटा शिकारी. एका उंदरात एकाचंच पोट भरतं, वाटून खायला काही उरत नाही. म्हणून अनोळखी मांजर दिसलं की ते भक्ष्यातला वाटेकरी, ही समज खोलवर रुजलेली आहे.

तरीही मांजर पूर्ण एकलकोंडं नाही. कुठल्याही मासळी बाजारात जा. जिथे खाणं मुबलक, तिथे आया, मावश्या, लेकी अशा नात्यातल्या मांजरी एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लं पाजतात. त्या एकमेकींना घासून घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. परकं मांजर आलं तर पिटाळून लावतात. ते चिकाटीचं असेल तर कडेकडेने वावरत राहतं आणि कित्येक दिवसांनी, कधी महिन्यांनी, त्याला आत जागा मिळते. घरात आपण हीच कडेकडेची वाट तयार करून द्यायची असते.

आमच्या मनीच्या वेळी मी ती दिली. मनी सहा वर्षांची, पिल्लू दोन महिन्यांचं. पहिले दोन आठवडे पिल्लू बेडरूममध्ये, दार बंद. यामागे तब्येतीचंही कारण होतं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू पिल्लांतून येतो आणि घरातल्या वस्तूंवर वर्षभरही टिकतो. त्यामुळे डॉक्टरांची तपासणी, जंताचं औषध आणि पहिली लस झाल्याशिवाय भेट नाही. मोठ्या मांजरीच्या लसीही वेळेवर झालेल्या हव्यात. पिल्लाला हात लावला की हात धुवायचे, त्याची भांडी वेगळी ठेवायची. आणि गाईचं दूध पाजायचं नाही, बहुतेकांना ते पचत नाही, हगवण लागते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सोड की दोघांना एकत्र. दोन दिवस भांडतील, मग आपोआप जमेल." काकूंनी आयुष्यभर मांजरं पाळली, पण ती अंगणातली. तिथे नकोसं झालेलं मांजर कौलांवर निघून जाऊ शकतं. वन बीएचकेमध्ये पळायला जागाच नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली नवं मांजर दत्तक घेतलेल्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्या घरांत सुरुवातीला मारामारी झाली होती. आणि जिथे पहिल्याच भेटीत ओरबाडणं-चावणं झालं, तिथे पुढेही भांडणं होत राहण्याचं प्रमाण जास्त होतं. पहिली भेट बिघडू द्यायची नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

डॉक्टरांनी पिल्लू निरोगी असल्याचं सांगितल्यावर मी एक जुना सुती मोजा त्याच्या गालांवरून हलकेच फिरवला आणि मनीच्या ताटलीपासून चार हात लांब ठेवला. ती आली, थबकली, मान लांब करून हुंगलं. मग वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून काही क्षण नुसती उभी राहिली. बघणाऱ्याला वाटावं किळस आली. पण वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला दोन बारीक छिद्रं असतात, त्यातून वास जेकबसनच्या इंद्रियापर्यंत, म्हणजे टाळूच्या वर असलेल्या, गंध टिपणाऱ्या आणखी एका अवयवापर्यंत पोचतो. ती पिल्लाची माहिती वाचत होती. वाचून झाल्यावर एकदा फिस्कारली आणि खाणं तसंच टाकून निघून गेली. मी मोजा आणखी लांब नेला. चौथ्या दिवशी मोजा ताटलीला टेकलेला होता आणि ती खात होती. मनीच्या गालांवरून फिरवलेला दुसरा मोजा पिल्लाकडे दिला होता, ते त्यावरच झोपायचं.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं. दोघांना उकडलेलं चिकन मिळायचं ते फक्त तिथे, फक्त त्या वेळी. पावलोवच्या कुत्र्यांना घंटेचा आवाज आणि जेवण यांची सांगड लागली, तशी इथे परक्या वासाची आणि चिकनची लागते. ताटली रोज वीतभर पुढे सरकवायची आणि मनी खायची थांबली की पुन्हा मागे. एका संध्याकाळी दाराखालच्या फटीतून एक इवलासा पंजा बाहेर आला आणि फरशी चाचपडू लागला. मनीने खाणं थांबवलं, पंजाला नाक लावलं आणि पुन्हा खाऊ लागली. मी श्वास रोखून बसले होते.

त्यानंतरच डोळाभेट, तीही जाळीच्या दारातून, पाच-दहा मिनिटं. मग एकाच खोलीत, आधी पिल्लाला दोरीशी खेळवून दमवून. पिल्लाचा धसमुसळेपणा मोठ्या मांजरीला सर्वात जास्त नको असतो.

खेळ कुठला आणि भांडण कुठलं, हे ओळखणं अवघड जातं. स्लोव्हाकियातल्या कोशित्सेच्या संशोधकांनी २०२३ साली मांजरांच्या जोड्यांचे शंभराहून अधिक व्हिडिओ तपासून याचा अभ्यास केला. आवाज न करता चाललेली कुस्ती बहुधा खेळ असते. गुरगुरणं, ओरडणं, एकानेच सारखं पाठलाग करणं ही तंट्याची लक्षणं. तंटा दिसला तर मध्ये हात घालू नका, उशी किंवा पुठ्ठा घाला. आणि जाळीच्या पायरीवर परत जा.

तंटा दिसला नाही तरी ताण असू शकतो. मोठं मांजर पलंगाखाली राहू लागतं, कमी खातं, लिटर बॉक्स म्हणजे वाळूची पेटी सोडून भलतीकडे लघवी करतं. त्याला शिक्षा करू नका. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, हे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लिटर बॉक्समध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. दोन मांजरांना तीन बॉक्स ठेवा, तेही वेगवेगळ्या जागी. ओळीने ठेवलेले तीन बॉक्स मांजराच्या हिशेबी एकच. आणि जुन्या मांजरीला कपाटाच्या माथ्यावर एक जागा द्या, जिथे पिल्लू चढू शकत नाही.

काही जोड्या कधीच गळ्यात गळा घालत नाहीत, एका घरात आपापल्या वाटेने राहतात. मला तेवढंही पुरलं असतं. पिल्लू येऊन सहा आठवडे झाले तेव्हा एका दुपारी मनी कुठे दिसेना. कपाटावर नाही, खिडकीत नाही. पिल्लू स्वयंपाकघरात माझ्या पायात घुटमळत होतं. मनी बेडरूममध्ये होती, पिल्लाच्या चादरीवर, नाक चादरीत खुपसून गाढ झोपलेली.