शेतातले एकटे चर्च आणि प्लेगची कथा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेताच्या मधोमध एकटेच उभे असलेले जुने चर्च दाखवून, त्याभोवतीचे गाव १३४८-४९च्या प्लेगमध्ये एका फटक्यात नामशेष झाले, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्या साथीने देशातील निदान एक तृतीयांश माणसे नेली, त्यामुळे असा समज रुजणे स्वाभाविक आहे. मात्र बहुतेक ओसाड गावांची हकीकत वेगळी आहे.

यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी येथे १९५०पासून सुमारे ४० वर्षे उत्खनन झाले. साथीनंतरही हे गाव नांदते होते. परंतु पुढे धान्यापेक्षा लोकर अधिक किफायतशीर ठरू लागली, शेतजमिनींची कुरणे झाली आणि १५००च्या सुमारास उरल्यासुरल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. मेंढ्यांसाठी माणसे उठवली गेली, ही गोष्ट विसरली जाऊ नये असे मला मनापासून वाटते. सेंट मार्टिनचे चर्च मात्र शेजारच्या वस्तीसाठी त्यानंतरही कित्येक पिढ्या वापरात राहिले. त्याच्या मनोऱ्याचा काही भाग १९५९मध्ये ढासळला. चर्चच्या वरच्या पठारावर गवताखाली घरांच्या जोत्यांचे बुटके उंचवटे आजही स्पष्ट दिसतात.

पडताळणी करायची असल्यास १३७७च्या डोईपट्टीच्या (माणशी आकारलेल्या कराच्या) याद्या पाहाव्यात. त्यांत गावाचे नाव आणि करदाते आढळले, तर ते गाव त्या साथीतून तगले होते हे उघड आहे. काही ठिकाणी तर चर्चभोवती दाट वस्ती कधी नव्हतीच. विखुरलेल्या वाड्यांतील लोक तेथे प्रार्थनेपुरते जमत.