खरेदीतून देणगी की देणगीतून सवलत?

फलकावर दुकानाचं आणि एखाद्या स्थानिक संस्थेचं नाव शेजारी शेजारी दिसलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो: इथे खरेदी आधी आहे की देणगी? ‘भागीदारी’ या शब्दाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात आणि त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिल्यात खरेदी आधी. आपण नेहमीच्या भावात वस्तू घेतो, दुकान त्यातला वाटा संस्थेला देतं. ही पद्धत गाजली ती १९८३ च्या अखेरीस. अमेरिकन एक्स्प्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर बाजूला काढला. तीन महिन्यांत सुमारे १७ लाख डॉलर जमले, आणि कार्डाचा वापरही चांगलाच वाढला. कंपनीला तेच तर हवं होतं!

पण वाटा किती, हे बघायला हवं. अॅमेझॉनची ‘अॅमेझॉनस्माइल’ योजना २०१३ ते फेब्रुवारी २०२३ चालली. पात्र खरेदीच्या अर्धा टक्का, म्हणजे हजारामागे पाच. तेही ग्राहक योजनेच्या वेगळ्या पानावरून आत शिरला किंवा अॅपमध्ये त्याने ती सुरू केली तरच, आणि माल परत केला तर तेवढी देणगी गेली. अशा योजनांत ग्राहकाच्या हाती समाधानाशिवाय काही पडत नाही. देणगीदार दुकान असल्यामुळे करसवलतीवरही आपला हक्क नसतो.

दुसऱ्या प्रकारात क्रम उलटा. आधी आपण संस्थेला काही देतो, मग दुकान आपल्याला सवलत देतं. ब्रिटनमध्ये जानेवारी २००८ मध्ये कपडे विकणारी मार्क्स अँड स्पेन्सर ही दुकानं आणि ऑक्सफॅम ही मदतसंस्था यांनी अशी योजना काढली. मार्क्स अँड स्पेन्सरचे जुने कपडे ऑक्सफॅममध्ये नेऊन द्यायचे आणि त्या दुकानाचं ५ पौंडांचं कूपन घ्यायचं. मात्र ते चालणार ३५ पौंडांच्या खरेदीवर. म्हणजे नेमके ३५ पौंड खर्च केले, तर सातवा हिस्सा सुटला. संस्थेला विकायला कपडे मिळाले, दुकानात गिऱ्हाईक परत आलं, ग्राहकाचं कपाट मोकळं झालं.

मला हा दुसरा प्रकार जास्त रोखठोक वाटतो. आपण पुढे काही विकत घेतलं नाही तरी संस्थेला मिळालेलं तिच्याकडेच राहतं. माझ्या पाकिटात असं एक कूपन मुदत उलटून जाईपर्यंत पडून होतं. नुकसान झालं ते माझं एकट्याचं. पहिल्या प्रकारात मात्र खरेदी नाही तर देणगीही नाही.

म्हणून पहिल्या प्रकारात बारीक अक्षरं वाचावीत. वाटा विक्रीतून आहे की नफ्यातून? देणगीला वरची मर्यादा आहे का? असेल, तर ती गाठल्यावर आपण कितीही खरेदी केली तरी संस्थेला एक पैसाही जास्त जात नाही, फलक मात्र तसाच लटकत असतो. दुसऱ्यात कूपनाची मुदत आणि किमान खरेदी एवढं पाहिलं की पुरे.

बिल करताना ‘वरचे सुटे पैसे संस्थेला देऊ का?’ असं विचारतात, ते या दोन्हींत बसत नाही. ते थेट आपल्या खिशातलं दान. दुकान फक्त गोळा करून पुढे पोचवतं.