रायडर (आयुर्विमा)

आयुर्विम्याच्या मूळ पॉलिसीला जादा हप्ता भरून जोडता येणारा ऐच्छिक लाभ. अपघाती मृत्यू व अपंगत्व, हप्तेमाफी, जादा मुदत विमा आणि गंभीर आजार हे त्याचे रूढ प्रकार होत. रायडर सुटा विकत मिळत नाही. मूळ पॉलिसी बंद पडली की तोही संपतो.

उगम : गंभीर आजार विम्याचा आरंभ सामान्यतः ६ ऑक्टोबर १९८३ हा मानला जातो. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतील क्रुसेडर लाइफ या कंपनीने हृदयशल्यविशारद मारियस बर्नार्ड (१९२७–२०१४) यांच्या कल्पनेवरून असे विमापत्र विक्रीस आणले. पहिले मानवी हृदयारोपण (१९६७) करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड हे त्यांचे थोरले बंधू. त्या पथकात मारियसही होते. कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आपली एक रुग्ण मुलांच्या पोटासाठी आजारातही कामावर जात राहिली, हे पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास शस्त्रक्रिया एवढे चारच प्रसंग त्या पहिल्या विमापत्रात होते.

मात्र अमेरिकेत १९५० च्या आगेमागे पोलिओपुरता विमा विकला जात होता आणि त्याच दशकाच्या अखेरीस कर्करोगाचाही मिळू लागला. ही परंपरा धरली तर १९८३ ही तारीख बरीच उशिराची ठरते. परंतु त्या विम्यांचा रोख मुख्यतः उपचारखर्चावर होता. निदान होताच, बिले न मागता, ठरलेली रक्कम एकदम हाती देणे आणि तीही आयुर्विम्याच्या चौकटीत, ही बर्नार्ड यांची मांडणी वेगळी आहे. आजच्या रायडरचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतात आयुर्विमा महामंडळाची (स्थापना १ सप्टेंबर १९५६) अपघात लाभाची जोड खासगी कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. जुन्या एजंटांच्या तोंडी ती ‘डबल अ‍ॅक्सिडेंट’. हजार रुपये विमा रकमेमागे वर्षाला एक रुपया हा तिचा दर दीर्घकाळ परिचित होता. १९९० च्या दशकातील ‘आशा दीप’ योजनेत कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात व बायपास यांचा समावेश होता, पण तो योजनेतच बांधलेला होता, निवडीचा नव्हे. निवडून जोडण्याचे रायडर १९९९ चा विमा नियामक कायदा होऊन २००० पासून खासगी कंपन्या आल्यावर फोफावले.

मर्यादा : नियामकाच्या २००२ च्या विनियमांपासून आरोग्य वा गंभीर आजाराच्या रायडरचा हप्ता मूळ हप्त्याच्या १०० टक्क्यांपर्यंत आणि इतर सर्व रायडरचा मिळून ३० टक्क्यांपर्यंत, अशी कमाल मर्यादा आहे. मूळ हप्ता २०,००० रुपये असेल, तर अपघात, हप्तेमाफी वगैरे मिळून ६,००० च्या वर जाता येत नाही.

व्याख्यांचा प्रश्न : दावा आजाराच्या नावावर मंजूर होत नाही, व्याख्येवर होतो. नियामकाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २२ आजारांच्या प्रमाण व्याख्या दिल्या आहेत. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ठरावीक लक्षणे, ईसीजीमधील नवे बदल आणि रक्तातील ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ यांचा पुरावा लागतो. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ) वगळलेला आहे. घरचे लोक ‘अटॅक येऊन गेला’ म्हणतात, पण डिस्चार्ज कार्डावर ‘अनस्टेबल अंजायना, अँजिओप्लास्टी’ असेल, तर या व्याख्येखाली रक्कम मिळत नाही. २२ च्या यादीत अँजिओप्लास्टी स्वतंत्र नोंद म्हणून आहे. पण रायडरमध्ये सगळे २२ आजार असतातच असे नाही, आणि छाती उघडून केलेल्या बायपासच्या व्याख्येत ती बसत नाही. पक्षाघातात मज्जासंस्थेची कायमची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. कर्करोगात पेशी मूळ जागीच असलेली अवस्था वगळली जाते.

पॉलिसीनंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील आजाराला रक्कम न देणे आणि निदानानंतर ३० दिवस जिवंत राहण्याची अट या तरतुदी सर्रास आढळतात. दुसरी अट रायडरच्या जातीवर अवलंबून जाच करते. ५० लाखांच्या पॉलिसीला २० लाखांचा ‘अ‍ॅक्सलरेटेड’ (मूळ रकमेतूनच आगाऊ देणारा) रायडर असल्यास निदानानंतर २० लाख मिळून ३० लाखांचे मृत्युसंरक्षण उरते; दहाव्या दिवशी रुग्ण दगावला तरी कुटुंबाला एकूण ५० लाखच मिळतात, काही बुडत नाही. ‘अ‍ॅडिशनल’ (मूळ रकमेखेरीज वेगळी रक्कम देणाऱ्या) रायडरमध्ये मात्र असा मृत्यू झाल्यास ५० अधिक २० अशा ७० लाखांपैकी रायडरचे २० लाख जातात. विक्रीच्या वेळी हा फरक क्वचितच कोणी समजावून सांगतो.

अपघात रायडरमध्ये मृत्यू सहसा अपघातापासून १८० दिवसांत व्हावा लागतो. नशा, शर्यती, गिर्यारोहण, पॅराग्लायडिंग ही नेहमीची अपवर्जने. अडथळ्यांची घोडदौडही जुन्या मसुद्यांतून तशीच चालत आली आहे. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनी हे कलम वाचावे. सिंहगड पायवाटेने चढणे त्यात येऊ नये, कड्यावर दोर लावून चढणे बहुधा येईल. हप्तेमाफी मुख्यतः मुलांच्या पॉलिसींना, आईवडिलांच्या मृत्यूच्या शक्यतेपोटी, जोडतात.

विमा अधिनियम १९३८ च्या कलम ४५ नुसार (२०१५ ची दुरुस्ती) तीन वर्षांनंतर पॉलिसीला आक्षेप घेता येत नाही. ही मुदत पॉलिसी, जोखीम, पुनरुज्जीवन किंवा रायडर यांपैकी सर्वांत शेवटच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे जुन्या पॉलिसीला नंतर जोडलेला रायडर हे घड्याळ पुन्हा सुरू करतो. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

पुणे : राष्ट्रीय विमा अकादमी (स्थापना १९८०) बालेवाडी येथे आहे. बजाज समूहाच्या, येरवड्यात मुख्यालय असलेल्या आयुर्विमा व सर्वसाधारण विमा कंपन्या २००१ मध्ये सुरू झाल्या. विमा लोकपालाचे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर मार्गावर आहे. तेथे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. दाव्याची कमाल मर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांवरून ५० लाख रुपये झाली.